नावापुढचा ठिपका

संगणकाचा पडदा उजळला आणि कुलपाची पाटी यायच्या आत, डोळ्याचं पातं लवेल न लवेल एवढ्या वेळात, थोरलीला एक घर दिसलं. घर म्हणजे घराचा आराखडा. पांढऱ्यावर काळ्या रेघा, भिंतीला टेकलेला पलंग, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात कसलीशी निळी चौकट. लगेच पडदा काळा झाला, वर घड्याळ आलं, खाली ‘पाहुणा’ हे नाव आणि पासवर्डाची रिकामी पट्टी. मशीन ज्यावर चालायचं त्या लिनक्स प्रणालीची ही जुनी खोड थोरलीला माहीत होती. झोपलेलं मशीन जागं केलं की आधीचा माणूस जे मांडून गेला असेल ते क्षणभर उघडं दिसतं आणि मग घाईघाईने झाकलं जातं. आजवर तिने त्या क्षणाकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण धाकट्या बहिणीच्या पडद्यावर बघण्यासारखं काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. गाणी, चपलांच्या जाहिराती, मांजरं. आज घर. बाईसाहेब खोली शोधतायत तर, ती मनात म्हणाली, सुटले एकदाची. मग ‘वापरकर्ता बदला’वर टिचकी मारून ती नावांच्या यादीपाशी आली. यादीत नावं दोनच. एक तिचं स्वतःचं, दुसरं ‘पाहुणा’, आणि पाहुण्यापुढे तो पांढरा ठिपका. ठिपक्याचा अर्थ एवढाच की हा अजून आत आहे, बाहेर पडलेला नाही.

थोरली पाठ्यपुस्तकांची पानं लावायची. मजकूर समितीचा, चित्रं चित्रकाराची, आणि दोन्ही एका पानात बसवून ते पान पोरांना वाचता येईल असं करायचं काम हिचं. हे काम ती घरून करायची, कारण कचेरीतल्या माणसांचा तिला उबग आला होता. समितीतल्या विद्वानांना वाक्य कुठे संपवावं ते कळत नाही, चित्रकाराला हाताला बोटं किती ते कळत नाही आणि छापखान्याला काहीच कळत नाही, असं तिचं पक्कं मत होतं, आणि वाईट म्हणजे ते बरंचसं खरंही होतं. मशीन बिघडलं की जो दुरुस्तीवाला यायचा त्याच्याबद्दलही तिचं मत वेगळं नव्हतं. म्हणून एका सुट्टीत ती हट्टाने लिनक्स शिकली, मशीनवरचं जुनं सगळं पुसून ते नव्याने बसवलं आणि दुरुस्तीवाल्याला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून मशीनची मालकीण ती. कोणाला आत घ्यायचं, कोणाला किती हातपाय पसरू द्यायचे, हे तीच ठरवणार. ‘पाहुणा’ हे खातंही तिनेच केलेलं. मावसभाऊ, त्यांची पोरं, छपाईपुरती येणारी वरच्या मजल्यावरची बाई, असल्या लोकांनी तिच्या टेबलावर चिखलाच्या पायांनी फिरू नये म्हणून. त्या खात्यासाठी तिने स्वतः चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. पाहुणा बाहेर पडला किंवा मशीन बंद झालं, की त्याचं झाडून सगळं पुसायचं आणि पुढच्याला खोली कोरी द्यायची. त्या चार ओळींवर ती जितकी खूश होती तितकी आपल्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकावर नव्हती.

धाकटी दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन आली त्याच संध्याकाळी तिने विचारलं होतं, “ताई, मला पण एक खातं कर ना.” थोरली तेव्हा तिच्या बॅगा कुठे ठेवायच्या या विवंचनेत होती. “चार दिवसांसाठी खातं कसलं? पाहुण्यात बस. आणि लक्षात ठेव, बाहेर पडलीस की सगळं साफ.” धाकटी रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसली. “मग मी बाहेर पडतच नाही,” म्हणाली. आणि खरोखरच पडली नाही. चार दिवसांचे महिने झाले, चष्म्याच्या दुकानात तिला नोकरी लागली, नवऱ्यापासून कायद्याने सुटका झाली, कुंडीतलं झाड मेलं आणि दुसरं आलं, पण पाहुणा आत तो आतच. थोरली बसली की वापरकर्ता बदलायची, धाकटी बसली की परत बदलायची. एकाच डब्यात दोघींचे दोन संसार, एकीचा चालू असताना दुसरीचा मागे श्वास रोखून बसलेला. तुझं काय ते पेनड्राइव्हवर ठेव म्हणून थोरलीने एक काढून दिला, तर तो बाईंनी पँटच्या खिशात ठेवून धुवायच्या कपड्यांत टाकला. धाकटीबद्दल बोलायचं तर थोरलीकडे असं बरंच होतं. ओला टॉवेल खुर्चीवर. दाराला खांदा लागला तर दाराला सॉरी. जाहिरात बघून रडणं आणि फोनवर बोलताना एवढ्या मोठ्याने हसणं की शेजाऱ्यांना विनोद कळावा. आधी नवरा केला तोही असला, पंप विकणारा आणि बोलतानाही तसाच आवाज करणारा. थोरली त्याला तोंडावर भावोजी म्हणायची आणि मनात पंप. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने धाकटीला सांगितलंही होतं, हा माणूस तुला शोषून फेकून देईल. धाकटीने ऐकलं नाही. पुढे अगदी तसंच झालं, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं जे समाधान थोरलीला तेव्हा वाटलं ते तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःलाही नाही.

आपल्या खात्यात आल्यावर तिने भूगोलाचा धडा उघडला. पान हळूहळू, वरून खाली, ओघळत आलं. मागे पाहुण्याने काय काय उघडून ठेवलं असेल देव जाणे, मशीनला धाप लागली होती. ती पानाकडे बघत राहिली आणि डोक्यात मात्र ते घर. आता सगळं जुळत होतं. टेबलाच्या खणातली स्टीलची मोजपट्टी परवा न्हाणीघराच्या खिडकीत सापडली होती. बोळातल्या छोट्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. ती खोली म्हणजे थोरलीच्या जुन्या तपासलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली, तिथे कोणी पाय ठेवत नसे. आणि गेल्या रविवारी धाकटी पलंगापाशी दोन्ही हात पसरून उभी राहिलेली दिसली होती. काय करतेस म्हणून विचारलं तर “काही नाही गं, आळस देत होते,” म्हणाली. आळस कसला, माप घेत होती. नव्या खोलीत पलंग मावतो का ते बघत होती. म्हणजे पलंगही न्यायचा बेत. विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि माझा पलंग तिच्या पडद्यावरच्या भिंतीला टेकून मोकळा. थोरलीला या चोरटेपणाची घृणा वाटली. जायचं तर जा. कोणी धरून ठेवलंय? पण माणसाने तोंडाने सांगावं, मी जाते म्हणून, म्हणजे समोरच्याला बरं झालं असं म्हणता येतं. हे बरं झालं म्हणायची तयारी ती पहिल्या महिन्यापासून करत होती. वाक्यं ठरलेली होती. त्या वाक्यांची पाळी आली नाही आणि ही परस्पर घर मांडून बसली.

लहानपणी दोघींना एकच खोली होती. थोरलीने खडूने मधोमध रेघ मारली होती, अलीकडचं माझं, पलीकडचं तुझं. धाकटी दिवसा रेघ पाळायची. उगाच घाबरून पाळायची, बोटंसुद्धा ओढून घ्यायची. रात्री मात्र झोपेत घरंगळत यायची आणि सकाळी तिचा पाय थोरलीच्या पोटावर सापडायचा, उबदार आणि जड. थोरली तो दोन बोटांनी उचलून, मेलेलं काही उचलावं तसा, रेघेपलीकडे ठेवायची. एका मोठ्या सुट्टीत धाकटीला मावशीकडे पाठवलं तेव्हा सगळी खोली थोरलीची झाली. रेघ पुसली तिने. आणि तिला झोप लागेना. आईने विचारलं, डोळे का लाल, तर ती डास म्हणाली. आईला ते पटलं नसावं. आई म्हणजे पोरींचे खण उघडून बघणारी बाई. दप्तरं, उशीखालचे कागद, वहीची मागची पानं, तिच्या हातातून काही सुटत नसे आणि मग जेवताना ती सहज बोलल्यासारखं त्यातलंच वाक्य म्हणून दाखवायची. थोरलीने तेव्हाच ठरवलं होतं, आपण दुसऱ्याचं उघडून बघायचं नाही. आजही मनात आणलं असतं तर मालकिणीच्या हक्काने तिला पाहुण्याच्या कप्प्यात शिरता आलं असतं, तो आराखडा उघडता आला असता, नीट बघता आला असता. एक ओळ लिहायचं काम. पण ती आई नव्हती. शिवाय बघायला जाणं म्हणजे आपल्याला काही वाटतं हे कबूल करणं, आणि काही वाटत नव्हतं. तिने भूगोलाच्या पानावरची एक ओळ ओढून मागच्या पानावर घेतली. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली तिला खपत नसे. बाकी कोणाच्या लक्षातही येत नाही ते, समितीच्या तर सात पिढ्यांत येणार नाही.

काही वाटत नव्हतं म्हणावं तर मध्यंतरी वीज गेली तेव्हाचं काय, हे तिला आठवलं आणि ती चिडली. मशीनला एक बॅटरी जोडलेली होती, वीज गेली की ती थोडा वेळ तग धरायची. त्या दिवशी सकाळीच वीज गेली आणि धाकटी तोंडाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत आली. “ताई, बॅटरी किती टिकेल?” “टिकेल तितकी. मी काय आत बसलेय तिच्या?” धाकटी ओल्या हाताने खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, तोंडावरचा साबण सुकत चालला होता, ध्यान नुसतं. मग ती तोंड धुवायला गेली तेवढ्यात थोरलीने उठून पडदा बंद केला, प्रिंटर काढला, इंटरनेटच्या डबीची पिनसुद्धा उपटली, म्हणजे सगळा जीव मशीनला मिळावा. वीज परत आली तेव्हा पाहुणा शाबूत होता. धाकटीला वाटलं बॅटरी चांगली आहे. थोरलीनेही तसंच वाटू दिलं. आता तिला वाटलं, मूर्ख होतो आपण. आपण तिथे पिना उपटत होतो आणि ही तेव्हापासूनच पळायच्या तयारीत असेल. माणसं अशीच. तो एक मुद्रितशोधक होता, थोरलीला त्याने बरेच दिवस फिरायला नेलं होतं, चांगला माणूस, व्याकरण पक्कं. चहा पिताना फुरका मारायचा. थोरलीने त्याला फुरक्यापायी सोडलं असं ती सगळ्यांना हसत सांगायची आणि लोकही हसायचे. आता त्याला मुलगी आहे म्हणे. आता या घरात फुरका मारणारं कोणी नाही, टॉवेल टाकणारी तेवढी एक आहे. तीही गेली की खुर्ची कोरडी राहील. अगदी कोरडी. थोरलीने खुर्चीकडे पाहिलं. टॉवेल होताच. ती घाबरली होती, आणि घाबरल्यावर तिला जे एकच येत असे ते तिने केलं, म्हणजे नाक मुरडलं.

तेवढ्यात समितीच्या सचिवबाईंचा फोन आला. या बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायच्या, आणि हसण्यासारखं त्यात काही नसायचं.

“धडा कुठवर आलाय? दुपारच्या आत हवाय हं, हा हा.”

“मशीन हळू चाललंय.”

“बंद करून चालू करा ना. आमचा मुलगा तेच करतो, हा हा.”

थोरलीने फोन ठेवला. या बाईकडून मशीनचं ज्ञान घ्यायची वेळ आली होती. तरी हात गेलाच. पान पुन्हा ओघळत होतं, नकाशातल्या नद्या आधी आणि डोंगर नंतर येत होते. दुकानात फोन करता आला असता. ‘तुझं मागे काय चालू आहे, बंद करू का?’ एवढं विचारायला काय लागतं? धाकटी म्हणाली असती, थांब ताई, येऊन करते, किंवा तिने बदलून ठेवलेला पासवर्डच सांगितला असता, भोळसट तर आहेच. पण विचारलं की आराखड्याचा विषय निघाला असता, आणि आराखड्याचा विषय निघाला की ‘हो ताई, मी जातेय’ हे कानाने ऐकावं लागलं असतं. थोरलीने ‘बंद करा’ निवडलं. पडद्यावर चौकट आली. ‘आणखी एक वापरकर्ता आत आहे. मशीन बंद केल्यास त्याचं काम नष्ट होऊ शकतं.’ आणि खाली, हे करायचा अधिकार तुम्हाला आहे हे दाखवण्यासाठी, पासवर्डाची पट्टी. ती चौकट तिने नीट वाचली. घाईत चुकून झालं असं पुढे तिला स्वतःलाही म्हणता येऊ नये इतकी नीट. पलंग माझा, मशीन माझं, मोजपट्टी माझी. मग तिने पासवर्ड टाकला, एकही अक्षर न चुकता. दुसऱ्याचं उघडून बघणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. पुसून टाकणं बसलं. पंखा थांबला आणि खोलीत इतकी शांतता झाली की इतके महिने तो पंखा सतत चालू होता हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मशीन परत सुरू झालं ते वाऱ्यासारखं. धडा दुपारच्या आत गेला. डोंगर, नद्या, सगळं एका फटक्यात. तिने जेवण चवीने केलं, भांडी घासली, खुर्चीवरचा टॉवेल उचलून वाळत टाकला आणि मग जसं मोकळं वाटायला हवं होतं तसं तिला वाटेना. दुपारभर ती यादीचा पडदा उगाचच आणून बघत राहिली. पाहुणा, आणि पुढे काही नाही.

संध्याकाळी धाकटी आली ती दारातूनच बोलत. “ताई, आज दुकानात एक आजोबा आले, दोन चष्मे एकावर एक घालून. म्हणाले, एक जवळचा आणि एक लांबचा, मधलं मला बघायचंच नाही.” एरवी अशा गोष्टीवर थोरली मनातल्या मनात तरी हसली असती. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत राहिली. बाहेर खुर्ची सरकली, कळा वाजल्या, थांबल्या. पुन्हा थोड्या वाजल्या. मग नाहीच.

“ताई, मशीन बंद केलं होतंस?”

“अडकलं होतं. समितीला धडा द्यायचा होता.”

“बरं.”

थोरली विळी तशीच ठेवून दारात आली. धाकटी कोऱ्या पडद्याकडे बघत होती, चपला अजून पायातच.

“महत्त्वाचं होतं का काही?”

“नाही गं. एक चित्र होतं. घराचं.”

“दिसलं मला सकाळी. खोली मिळाली म्हणायची. सांगायची पद्धत असते एवढंच माझं म्हणणं.”

धाकटी वळली. तिच्या चेहऱ्यावर खरंच काही कळलं नसल्याचा भाव होता, तोच भाव जो आयुष्यभर थोरलीच्या डोक्यात जात आला होता.

“कुठली खोली? ताई, ते हेच घर होतं. बोळातली खोली. तुझे गठ्ठे माळ्यावर गेले ना, तर माझा पलंग तिथे बरोब्बर बसतो, मापं घेतली मी. ते निळं म्हणजे तुझं कपाट. ते इकडे आणलं की तुझं टेबल खिडकीखाली जातं. तुला उजेड कमी पडतोय, डोळे तपासताना सांगितलं होतं ना आमच्या डॉक्टरांनी.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“अर्धवट दाखवलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस. पूर्ण करून रविवारी दाखवणार होते. आणि मग विचारणार होते, राहू का म्हणून. कायमची.”

आता फक्त एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी, आज्ञार्थी. व्याकरणाने सोपा, पहिलीच्या पुस्तकातला. थोरलीच्या तोंडात तो आला, तिला त्याची चवसुद्धा कळली.

“चौकटीवर पेन्सिलीने कशाला खरडायचं पण?” ती म्हणाली.

धाकटी हसली, सवयीने. मग हसणं तोंडावर तसंच ठेवून तिने विचारलं, “ताई, ते विचारतं ना बंद करताना? दुसरं कोणी आत आहे म्हणून?”

इथे खोटं बोलता आलं असतं. नाही विचारलं, अडकलं होतं म्हटलं ना, सरळ बटण दाबून बंद केलं. धाकटीने मानलंही असतं, तिने पंपाचंही सगळं मानलं होतं. पण लबाड माणसांची थोरलीला चीड होती.

“विचारलं,” ती म्हणाली.

“बरं,” धाकटी म्हणाली. चपला काढल्या, जागेवर नेऊन ठेवल्या, आणि थोड्या वेळाने बोळात खोडरबराचा आवाज आला. चौकट तिने इतकी स्वच्छ केली की तिथला रंग बाजूच्या रंगापेक्षा उजळ दिसायला लागला.

पुढचे दिवस घरात सगळं थोरलीच्या मनासारखं झालं. धाकटी मशीनवर बसायची आणि उठताना बाहेर पडायची, न सांगता, दररोज. ठिपका कधी दिसला नाही. खुर्ची कोरडी. फोनवर बोलायची ती गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. मशीन इतकं सुरेख चालायचं की थोरलीला त्याचा संताप यायचा. असंच एकदा धाकटी दुकानात असताना तिने नवीन खातं केलं. पूर्ण नाव विचारलं तिथे तिने ‘भिंगरी’ लिहिलं. लहानपणी धाकटी एका जागी बसत नसे म्हणून बाबा तिला तशी हाक मारायचे. पुसून टाकणाऱ्या त्या चार ओळी या खात्याला लावल्या नाहीत. भिंगरी काहीही करो, बाहेर पडो, मशीन बंद होवो, तिचं तिथेच राहील. संध्याकाळी जेवताना, ताटातून मान वर न करता, तिने सांगितलं, “तुझं खातं केलंय. भिंगरी नावाने. पासवर्ड पहिल्यांदा शिरताना तुझा तू ठरव.”

“कशाला ताई,” धाकटी म्हणाली, “चार दिवसांसाठी.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर थोरलीला उत्तर देता आलं असतं, टोमण्यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटी पाणी प्यायली आणि तिने पुढे सांगितलं की दुकानातल्या एका मैत्रिणीसोबत खोली मिळतेय, रविवारी बघायला जायचंय. “येतेस? तुला घरातलं कळतं.”

“मला काम आहे,” थोरली म्हणाली.

धाकटी गेली ती दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन. पलंग घेऊन जा म्हणून थोरली मागे लागली होती, हमाल सांगते म्हणाली, तर धाकटी नको म्हणाली, तिथे आहे एक. जाताना तिने दाराला खांदा लागला म्हणून दाराला सॉरी म्हटलं. थोरली गॅलरीत गेली नाही. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली आणि मग बसली, कारण इतिहासाची पानं आली होती आणि समितीने पुन्हा एका राजाला आधी मारून मग जन्माला घातलं होतं. गाढवं आहेत सगळी, ती मोठ्याने म्हणाली. घरात ते कोणी ऐकलं नाही. काम करता करता तिचा हात आपोआप वापरकर्ता बदलायला गेला. यादीत तीन नावं होती, तिचं, पाहुणा, भिंगरी. भिंगरीच्या नावाखाली लिहिलेलं होतं, ‘कधीही प्रवेश केलेला नाही.’

तिने त्यावर टिचकी मारली. मशीनने नवा पासवर्ड मागितला. धाकटीने काय ठेवला असता, ती विचार करत बसली. झाडाचं नाव? तिला त्या झाडाचं नाव माहीत नव्हतं. मैत्रिणीचं? तेही नाही. इतके महिने ही बाई आपल्या घरात होती आणि आपल्याला तिच्याबद्दल टॉवेलापलीकडे काही ठाऊक नाही. शेवटी तिने आपलाच पासवर्ड टाकला. कोरं टेबल उघडलं, कारखान्यातून येतं ते निळं चित्र मागे. थोरली थोडा वेळ तिथे बसली. काही उघडलं नाही, काही लिहिलं नाही. मग एक गाण्यांची खिडकी उघडली, एक चपलांच्या जाहिरातींची, एक मांजरांची. बाहेर न पडता तिने वापरकर्ता बदलला आणि यादीवर परत आली. भिंगरीपुढे पांढरा ठिपका होता.

आपल्या खात्यात शिरून तिने इतिहासाचं पान उघडलं. पान जरा रेंगाळत आलं, मागे पंखा घरघरायला लागला. “काय बाई पसारा घालून ठेवलाय,” थोरली म्हणाली, आणि कामाला लागली. त्या दिवसापासून तिने मशीन कधी बंद केलं नाही.